ब्रदर ड्वेनची पेटी आणि बोर्गहिल्डमावशीचा हॉटडिश

लिटल लून गावच्या चर्चच्या तळघरात त्या संध्याकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. घडीच्या खुर्च्या संपल्या, तेव्हा बालवर्गातल्या बुटक्या खुर्च्या आणल्या गेल्या आणि त्यांच्यावर सहा-सहा फुटी बाप्ये गुडघे हनुवटीला लावून बसले. मागच्या टेबलावर प्रत्येक घरून आलेले हॉटडिश, म्हणजे मांस-बटाट्याचे तबकभर भाजलेले पदार्थ, वाफाळत होते. त्यांच्याकडे मात्र कुणी बघत नव्हतं. मिनेसोटात असं घडलं म्हणजे समजावं, काहीतरी भयंकर चाललंय.

सगळे बघत होते एका लाकडी पेटीकडे. एरवी तिच्यात पाव ठेवले असते. आत निळी मखमल होती आणि तिच्यावर हाल्व्होरचा फोन निजला होता. हाल्व्होर म्हणजे शाळेची बस चालवणारा, एकटा राहणारा, लाजाळू माणूस.

“बंधू हाल्व्होर, फोनवर काय दिसत होतं?” पेटीमागच्या पांढऱ्या सुटातल्या पाहुण्याने विचारलं. हाच तो ब्रदर ड्वेन. ग्लोरीटेल नावाच्या मोबाइल कंपनीची जोडणी विकत दक्षिणेकडून गावोगाव फिरत आला होता.

“सिग्नलच्या दोन दांड्या,” हाल्व्होर पुटपुटला.

“दोन दांड्या! आता झाकण लावतो. फोन म्हणजे देह, भावांनो! सिम म्हणजे आत्मा! आणि ज्या कंपनीचं तुमच्यावर प्रेम नाही, तिचा आत्मा अंधारात टिकतो का? म्हणा माझ्याबरोबर, अमर्याद!”

“अमर्याद,” तळघर हळू आवाजात म्हणालं.

“बोलणं अमर्याद! डेटा अमर्याद! आता एक भजन होऊ द्या!”

भजन झालं. अख्खं. मग ड्वेनने झाकण उघडून फोन उंच धरला. दांड्या गायब! पडद्यावर ‘सेवा उपलब्ध नाही’.

“हं. वेगळंच आहे,” लोक म्हणाले. लिटल लूनमध्ये आश्चर्य याच्या वर जात नाही. वीज पडून धान्याचं कोठार जळालं, तेव्हाही लोक एवढंच म्हणाले होते.

मग ड्वेनने खिशातून स्वतःचा ग्लोरीटेलचा फोन काढून पेटीत ठेवला. पुन्हा झाकण, पुन्हा अमर्याद, पुन्हा भजन. झाकण उघडलं तर पाचच्या पाच दांड्या ताठ उभ्या! फोन त्याने सर्रकन सगळ्यांच्या नाकासमोरून फिरवला आणि खिशात टाकला.

“फारच वेगळं आहे,” मागून कुणीतरी म्हणालं आणि अंगावर शहारा आला म्हणून स्वेटरची बटणं लावू लागलं.

तिसऱ्या रांगेत सिग्ने मात्र दातओठ खात बसली होती.

सिग्ने पंधरा वर्षांची. गेल्या वर्षापर्यंत ही मुलगी वर्गात हजेरीलासुद्धा मान हलवून उत्तर द्यायची. यंदा वादविवाद मंडळात गेली, पहिल्याच सामन्यात शेजारच्या शाळेच्या कप्तानाला गप्प केलं, आणि तिला शोध लागला की आपल्याला आवाज आहे! चांगला खणखणीत आहे! तेव्हापासून घरात उठता-बसता “पुरावा काय?” चालू झालं. तिची आई मारित वैतागून म्हणायची, “सिग्ने, मीठ मागितलं की मीठ द्यावं. पुरावा मागू नये.”

आणि आता तीच आई ड्वेनच्या कराराच्या कागदांकडे मान तिरकी करून बघत होती.

तसा दोष आईचाही नव्हता. कुटुंबासाठी कुठल्या कंपनीची योजना घ्यावी, यावर गावाने दोन हिवाळे डोकं फोडलं होतं. लेकटॉक म्हणे, ओळी वाढवा, म्हणजे एका बिलावर जास्त नंबर घ्या, दर उतरेल. बिगबीम म्हणे, फोन फुकट घ्या, फक्त तीन वर्षं आम्हाला सोडून जायचं नाही. डेटा सगळ्यांचाच अमर्याद, पण महिना अर्धा झाला की कुणाचा गोगलगायीच्या चालीने सरपटणार, ते इतक्या बारीक अक्षरात की चष्म्यावर चष्मा लावावा. लोकांनी याच तळघरातल्या फळ्यावर तक्ते काढले, पुसले, पुन्हा काढले. डोकं इतकं शिणलं की आता कुणीही येऊन “हिशेब सोडा, मी सांगतो” म्हणालं असतं, तर त्याला कॉफी मिळाली असती. ड्वेनला मिळालीच. त्याने ती पहिल्याच विचारण्याला “हो” म्हणून घेतलीसुद्धा! इथला माणूस दोनदा “नको नको, कशाला त्रास” म्हणून तिसऱ्यांदा कप पुढे करतो. सिग्नेला संशय आला तो तिथेच.

ड्वेनने तांब्याच्या दोन वाकड्या काड्या काढल्या आणि हाल्व्होरभोवती फिरायला लागला. काड्या थरथरल्या, एकमेकींवर आल्या.

“तुमच्या कुटुंबाला पाच ओळींचा योग आहे!”

“पण घरी मी आणि कुत्राच असतो,” हाल्व्होर म्हणाला.

“कुत्र्याला कुणाशी बोलावंसं वाटत नसेल का?”

हाल्व्होर विचारात पडला.

काड्यांवर तर गावाचा फार जुना विश्वास. इथल्या प्रत्येक विहिरीची जागा कुणा ना कुणाच्या पणजोबांनी अशाच काड्या धरून दाखवली होती आणि पाणी एकदाही चुकलं नव्हतं. आता, लिटल लूनच्या चारी बाजूंना तळी. घरामागे टोमॅटोची रोपं लावायला खड्डा काढावा तर बेडूक बाहेर येतो. तिथे पाणी चुकणार कसं? पण हे कुणाच्या मनातच आलं नाही. आलं असलं तरी पणजोबांबद्दल तसं बोलणं बरं दिसलं नसतं.

“मारितताई,” ड्वेन आईसमोर उभा राहिला, “तुमचाही पाच ओळींचा योग! तुम्ही, यजमान, दोन लेकरं, आणि...”

“आणि माझे वडील,” आई म्हणाली.

सिग्नेने चटकन शेजारी पाहिलं. आजोबा! अर्व्हिड आजोबा तळ्याच्या पलीकडच्या टोकाला एकटे राहत. वसंतात त्यांच्या हृदयाने दगा दिला होता, तेव्हा फोन लागला म्हणून ते वाचले. तेव्हापासून रोज सकाळी ते फोन करत आणि एकच वाक्य बोलत, “वारं आहे.” किंवा “वारं नाही.” की घर निर्धास्त. तिथे फक्त लेकटॉकचा टॉवर होता. पण ड्वेनच्या योजनेत अट अशी की सगळं कुटुंब एकदम यायचं, एकही ओळ मागे राहायची नाही.

“आजोबा, तुमच्याकडे ग्लोरीटेल लागतं का?” सिग्नेने शेजारी बसलेल्या आजोबांना हळूच विचारलं.

“शेजारी विगोने घेतलंय ते,” आजोबा बुटांकडे बघत म्हणाले.

“मग? लागतं त्याला?”

“झाडावर चढला की लागतं म्हणतो.”

“विगोआजोबा ऐंशीचे आहेत!”

“हो. कमी बोलतो हल्ली.”

“मग तुम्ही आईला सांगत का नाही?”

“इतक्या लांबून आलाय बिचारा. त्याचं मन कशाला मोडा. माझं काय, चालेल.”

चालेल! या गावात माणूस “चालेल” म्हणत म्हणत बर्फाखाली जाईल! सिग्नेला तिथल्या तिथे किंचाळावंसं वाटलं. पण किंचाळणं म्हणजे पुरावा नव्हे, एवढं मंडळात शिकवलं होतं.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून बोर्गहिल्डमावशीची हाक आली. मावशी म्हणजे गावातली हॉटडिशची सम्राज्ञी. “अगं सिग्ने, ये गं जरा! माझा फोन कुठे उलथलाय कोण जाणे. लाव बरं तुझ्यावरून.”

सिग्नेने लावला. फोनमधली बाई म्हणाली, ग्राहक संपर्कक्षेत्राच्या बाहेर आहे.

“बाहेर कुठली? आत्ता इथेच भट्टीचा गजर लावून ठेवला होता,” मावशी कावली. “जाऊ दे, आधी हे वाढायला घेऊ.” आणि तिने हॉटडिशच्या तबकाभोवतीची फॉइल सोलायला घेतली. मावशीचं काम पक्कं. गरम राहावं म्हणून वरून-खालून फॉइल, त्यावर आणखी एक फॉइल. वरचा थर निघाला आणि...

टिंग! टिंग! टिंग! टुंग!

दोन फॉइलींच्या मधून मावशीचा फोन घामेजून बाहेर आला आणि अडकलेले निरोप ओकू लागला. शेवटी आलं, ‘सिग्नेचा फोन येऊन गेला’.

“अगंबाई! यावर ठेवला आणि मीच वरून गुंडाळला की काय! बटाट्यांबरोबर शिजला असता गं!”

सिग्नेने मात्र स्वतःचा फोन उचलला, फॉइलमध्ये नीट गुंडाळला. “मावशी, आता मला लावा.”

“समोर उभी आहेस की.”

“लावा तर!”

लागेना. फॉइल काढली तरी क्षणभर पडद्यावर ‘सेवा उपलब्ध नाही’, मग एकेक दांडी परत उगवली. सिग्नेचा आहे लेकटॉक, मावशीचा बिगबीम. दोन्हींचे आत्मे बटाट्यांवर सारखेच गेले होते!

म्हणून भजन! अख्खं! फोनला सिग्नल हरवायला वेळ लागतो!

सिग्ने स्वयंपाकघरातून बाहेर धावली. आईच्या हातात पेन होतं.

“थांब आई! ब्रदर ड्वेन, मला एक शंका आहे.”

तळघर गारठलं. पाहुण्याला शंका विचारायची? जेवणाआधी?

“विचार, बाळ,” ड्वेन दात दाखवत म्हणाला. “बालकांच्या मुखी तर...”

“तुमचा फोन पुन्हा पेटीत ठेवा. आणि आत असताना मी तुम्हाला फोन लावते. वाजेल ना?”

“वाजेल कशाला?” ड्वेन खिशातला फोन काढून छातीशी धरत म्हणाला. “तो समाधीत असतो.”

“बरं, मग बाहेर असतानाच लावते. नंबर सांगा.”

“अगं, आत्म्याला असं चाचपून...”

“सिग्ने,” आई लाल होऊन कुजबुजली, “पाहुणे आहेत ते!”

इथे सगळं बारगळलंच असतं. पण आजोबा उठले. सावकाश, खुर्चीला धरून. आयुष्यात त्यांनी सभेत तोंड उघडलं नव्हतं.

“पोरीने नंबर विचारलाय,” ते म्हणाले. “देणं बरं दिसेल.”

बरं दिसेल! या शब्दांपुढे त्या गावात कुणाचं काही चालत नाही. साठ चेहरे नम्रपणे हसत ड्वेनकडे बघत राहिले. इतका वेळ, इतकं नम्रपणे, की त्याच्या कपाळावर घाम आला. शेवटी त्याने नंबर सांगितला.

सिग्नेने लावला. कुठूनतरी खणखण घंटी वाजली. पण हातातल्या पाच दांड्यांच्या फोनमधून नव्हे, सुटाच्या मागच्या खिशातून!

“दोन फोन आहेत की काय?” हाल्व्होरने विचारलं. “कुत्र्याचा का?”

सिग्नेने पाच दांड्यांचा फोन ड्वेनच्या हातून अलगद घेतला आणि पडद्यावर बोट फिरवलं. काही हलेना. वर घड्याळ होतं, त्यात सकाळचे नऊ वाजले होते.

“हे चित्र आहे!” ती ओरडली. हो, ओरडली. “पाच दांड्यांचा फोटो काढून पडद्यावर लावलाय! या फोनमध्ये सिम तरी आहे का!” मग तिने पेटीतल्या मखमलीचा कोपरा उचलला. खाली चकचकीत फॉइल होती. तळाला, बाजूंना, झाकणालाही. “आणि याने बाकीच्यांचे सिग्नल मारलेत. सिग्नल टॉवरकडून येतो, हवेतून. फॉइल त्याला अडवते. कंपनी कुठलीही असो, प्रेम असो नसो! मावशी, तुमचं तबक आणा!”

बोर्गहिल्डमावशीने तबक आणलं आणि आधी पेटीत वाकून पाहिलं. फॉइल दोन बोटांत धरून चोळली. “पातळ आहे,” ती तुच्छतेने म्हणाली. “स्वस्तातली.”

लिटल लूनमध्ये यापेक्षा जहरी शब्द कुणी ऐकला नव्हता.

मग रांग लागली. लेकटॉक, बिगबीम, ड्वेनच्या मागच्या खिशातला खराखुरा ग्लोरीटेल, एकेक फोन फॉइलमध्ये गुंडाळला गेला आणि एकेक मूग गिळून बसला. भजन न म्हणता. सिग्नेने तांब्याच्या काड्या हाल्व्होरच्या हातात दिल्या, मनगट किंचित खाली झुकवायला सांगितलं. काड्या गरकन एकमेकींवर आल्या. “हे काय, मीच केलं?” तो म्हणाला आणि पुढचा तासभर खुर्च्यांचे, केकचे आणि पाद्रीबुवांचे पाच ओळींचे योग काढत हिंडला.

ड्वेन पळणार होता. पण इथून पळणं सोपं नाही. निरोप घ्यायचा तर आधी टेबलापाशी, मग जिन्यात, मग दारात, मग गाडीच्या काचेतून. सगळं गाव त्याला निरोप द्यायला उभं राहिलं. कुणी एक वाईट शब्द काढला नाही. “रस्त्यात हरणं येतात हो, जपून,” म्हणत त्याच्या मांडीवर हॉटडिशचं तबकही ठेवलं. मावशीने ते जाड फॉइलमध्ये स्वतः गुंडाळलं होतं. “ही बघा, अशी असते,” ती म्हणाली. गाडी सुटेपर्यंत बिचारा रडवेला झाला होता.

घरी जाताना आई म्हणाली, “बाबा, तुम्ही सांगायचं तरी होतंत.”

“चाललं असतं,” आजोबा म्हणाले.

“नसतं चाललं!” आई आणि सिग्ने एकदम ओरडल्या. आजोबांनी दोघींकडे पाहिलं. “हं. वेगळंच आहे,” ते म्हणाले, पण हसले.

पुढच्या रविवारी फळा पुन्हा बाहेर आला. या वेळी आधी दर लिहिले नाहीत. ज्यांच्याकडे जी कंपनी होती त्यांनी आपले फोन एकमेकांना उसने दिले, आणि जो तो आपल्या स्वयंपाकघरात, गोठ्यात, होडीच्या धक्क्यावर उभा राहून बघून आला की कुठे काय लागतं. गंमत म्हणजे मावशीच्या घरी सगळ्यात चांगलं लागलं ग्लोरीटेल! तिने ते घेतलंही, पण पेटीशिवाय, एक ओळ. हाल्व्होरच्या कुत्र्याने काहीच घेतलं नाही. मारितकडे सगळे लेकटॉकवरच राहिले.

म्हणून एवढंच सांगायचं आहे. हिशेब अवघड असतो, कधी कधी तो मुद्दामच अवघड केलेला असतो, आणि दमलेल्या डोक्याला चमत्कार फार गोड लागतो. अशा वेळी दोन घोट कॉफी प्या आणि विचारा. विचारणं म्हणजे उद्धटपणा नव्हे. समोर पेटी कुणीही मांडो, आत पहिला फोन मांडणाऱ्याचाच ठेवायला लावा, आणि तो वाजवून बघा.

त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सिग्नेच्या घरी फोन वाजला.

“वारं आहे,” आजोबा म्हणाले.

“पुरावा काय?” सिग्नेने विचारलं.

पलीकडे खिडकी उघडल्याचा आवाज आला, आणि तळ्यावरचं वारं फोनमधून भणाणत तिच्या कानात शिरलं.