नाव न घेतलेली नदी

"आत्या, सांग ना नदीचं नाव! त्याचं विमान निघायचंय," उलायुक काकुळतीला आला. नकाशावाला गोरा पेन्सिल रोखून उभा होता.

पानिकपाक आत्यानं नकारार्थी मान हलवली. नदीचं आणि तिच्या नवऱ्याचं नाव एकच होतं. तो वसंतात वारला. सुनेला होणाऱ्या बाळाला ते नाव देईपर्यंत कुणीही ते उच्चारायचं नाही, अशी त्यांची रीत होती.

"बर्फ पडेपर्यंत थांब म्हणावं त्याला. तोवर बाळ होईल."

"नाही थांबत. नदीला स्वतःच्या बायकोचं नाव देतोय, मार्गारेट."

"तिनं कधी इथले मासे साफ केलेत? मेल्या, मग तूच सांग की!"

उलायुकनंही नकाशावाल्याकडे पाहून तशीच मान हलवली. नकाशावाल्यानं अक्षरं लिहिली, कागद गुंडाळला. विमान उडालं. दोघं काठावर उभी राहिली. नदीला हाक मारायला त्यांच्याजवळही शब्द नव्हता.