जाळीवरची हिरवी पुडी

तैवानमधल्या सिंचूच्या आमच्या चाचणीखोलीत प्रत्येक यंत्रावर मक्याच्या कुरकुऱ्यांची हिरवी पुडी असते. तिच्यामुळे यंत्र शहाण्यासारखं वागतं. हिरवीच हवी, पिवळी ठेवली तर रुसतं. आणि ठेवलेली पुडी कुणी हलवत नाही. मोठमोठ्या डिग्र्यावालेही तिला हात लावायला भितात, मीही त्यांतलीच.

त्या दिवशी झानबाई नावाच्या मोठ्या गिऱ्हाईक आमचा सोळा कोरांचा प्रोसेसर पाहायला आल्या. शेजारी दुसऱ्या कंपनीचा, तोही सोळाचा. दोघांना एकच काम, आधी कोण उरकतं ते पाहायचं. आमचा प्रोसेसर घडवण्यात मी रक्त आटवलं होतं आणि मोजणीही माझ्याच हाती होती. एकटा कोर कुणीही पळवून दाखवतो. सोळाही जुंपले की प्रोसेसर तापतो, चाल मंदावते. खरी परीक्षा तिथे.

शेजारचा पुढे होता, आणि एकाएकी रेंगाळला. पाहते तर त्याच्या यंत्राची गरम हवा बाहेर सोडणाऱ्या जाळीवर हिरवी पुडी आडवी. सकाळी ती तिथे नव्हती.

मी मॅनेजर लुओंना विचारलं, ही कुणी ठेवली?

"पाहुण्याच्या यंत्रालाही मान नको का?" ते हसले, मग हळूच म्हणाले, "हात लावू नकोस, पेंग. अपशकुन होतो. जिंकतोय ना आपण?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. समोरच्याचं नाक दाबून शर्यत जिंकायची, हे जिंकणं मला नको होतं. नुसती बाजूला ठेवली असती, तर साहेबांनी मानाने परत ठेवली असती. मी पुडी टरकन फाडली आणि मूठभर कुरकुरे तोंडात टाकले. झानबाईंना सांगितलं, जाळी बुजली होती, ही मोजणी रद्द. यंत्रं गार झाली की पहिल्यापासून.

"हरलो तर तुझी खुर्ची इथे दिसणार नाही," लुओ पुटपुटले.

"खुर्ची न्या, साहेब. आकडा खराच लागेल."

आम्ही हरलो. थोडक्यात, पण हरलो. तो आकडा मी फळ्यावर ठळक लिहिला.

दुसऱ्या दिवशी खुर्ची खरंच नव्हती. टेबलावर नवी कोरी हिरवी पुडी होती, मी शहाण्यासारखं वागावं म्हणून. मी तीही फोडली, आणि खात खात उभ्यानेच पुढची मोजणी लावली.