डॉक्टरबाईंच्या टेबलावरचा पारा

मित्रांनो, आज माझ्या जवळ लहान मुलांना फिरकू देत नाहीत, आणि त्यात कोणाची चूक नाही. मी पाऱ्याचा जुना रक्तदाबमापक. माझी काच फुटली तर आतला पारा जमिनीवर पळत सुटेल आणि त्याची वाफ तुमच्या छातीत जाईल. म्हणून मी कपाटात बंद आहे. पण एके काळी दिवसभरात जितके दंड माझ्या कापडी पट्ट्यात येत, तितके हात एखाद्या पुढाऱ्याच्या हातात येत नसतील.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. पत्र्याची पेटी, झाकणाला आतून बसवलेली काचेची नळी, तिच्या शेजारी आकड्यांची पट्टी, तळाशी पाऱ्याची टाकी, हवा भरायचा रबरी फुगा आणि हवा हळूहळू सोडायची बारीक झडप. इतकाच माझा संसार. पारा स्थिर असताना शून्यावर उभा आहे ना, हे तपासूनच मला बाहेर पाठवले गेले.

मला विकत घेतले ते एका डॉक्टरबाईंनी. त्यांचा दवाखाना दोन खोल्यांचा होता. बाहेरच्या खोलीत बाकडे, आतल्या खोलीत टेबल आणि टेबलावर मी. बाई शिस्तीच्या होत्या. रोगी आला की आधी त्याला गप्प बसवायच्या, मग पट्टा बांधायच्या, आणि एकदा मोजून त्यांचे कधीच समाधान होत नसे. "घाईचं माप खोटं बोलतं," असे त्या म्हणत. दिवस संपला की मला एका कुशीवर कलंडवून पारा टाकीत उतरवत आणि छोटीशी खिटी लावून मगच झाकण मिटत. अशी निगा राखणारा धनी मिळायला भाग्य लागते.

बाईंचा धाकटा भाऊ लेथवर, म्हणजे लोखंड तासायच्या यंत्रावर, काम करी. रक्त दिसले की त्याला घेरी येई, म्हणून तो दवाखान्याच्या उंबऱ्यावरूनच बहिणीशी बोले. त्याची बायको दुसऱ्या गावी नोकरीला होती आणि सुटीलाच घरी येई. त्यामुळे त्यांची मुलगी शाळा सुटली की आत्याकडे येऊन बसे. एकदा धरलेली गोष्ट सोडायची नाही, असा तिचा स्वभाव. म्हणून बापाने तिचे नाव पक्कड ठेवले होते, आणि पुढे सगळे तिला त्याच नावाने हाक मारू लागले.

पक्कड माझ्या प्रेमात पडली ती माझ्या आजारपणात. माझ्या झडपेत धूळ अडकली होती. हवा धरून ठेवता येईना आणि पारा वर चढला की घसरगुंडीवरून उतरावा तसा खाली येई. बाई मला दुरुस्तीला पाठवणार होत्या. त्याआधीच या पोरीने बापाचा बारीक ब्रश आणून झडप उघडली, पुसली आणि परत बसवली. बाईंनी कौतुकाने तिचा कान ओढला. भावाने उंबऱ्यावरून ऐकले आणि तो म्हणाला, "बघ ताई, इंजिनीअर तुझ्या दवाखान्यात जन्माला आली." बाईंना ते रुचले नाही. आपल्या खुर्चीवर पुढे भाचीने बसावे, अशी त्यांची फार दिवसांची इच्छा होती. खरे सांगायचे तर माझीही होती.

अकरावीला विषय निवडायची वेळ आली तेव्हा घरात दोन तट पडले. बाप म्हणे गणित आणि यंत्रांचे विषय घे, आत्या म्हणे जीवशास्त्र घे. कॉलेजात यंत्रांचा विषय आणि जीवशास्त्र यांचे तास एकाच वेळी होते, त्यामुळे दोन्ही घेता येत नव्हते. पक्कडला गणितही हवे होते आणि यंत्रेही. तेव्हा बाईंनी तोडगा काढला. पोरीने कॉलेजात यंत्रे शिकावीत, जीवशास्त्र त्या स्वतः घरी शिकवतील. मेडिकलची प्रवेश परीक्षा देणाऱ्याला जीवशास्त्र आले म्हणजे झाले, आणि डॉक्टरपेक्षा ते चांगले कोण शिकवणार? दोन्ही दारे उघडी राहतील. भाऊ म्हणाला की दोन दगडांवर पाय ठेवणारा शेवटी पाण्यात पडतो. पण तो हसत म्हणाला, आणि सगळे हसले.

मग सुरू झाल्या माझ्या आयुष्यातल्या सर्वांत सुखाच्या संध्याकाळी. दोन रोग्यांच्या मधल्या वेळात बाई शिकवत. हृदयाची झडप कशी उघडते-मिटते हे पुस्तकातल्या चित्रावरून कळेना, तेव्हा त्यांनी माझी झडप पुढे ठेवली. पक्कडने फुगा दाबला, पारा चढवला, स्टेथोस्कोप कानाला लावला आणि आत्याच्याच दंडावर ऐकू लागली. आवाज आधी नसतो, मध्येच सुरू होतो, पुन्हा नाहीसा होतो. असे का, या एका प्रश्नावर ती संध्याकाळ गेली.

सुरुवातीला तिचे लक्ष माझ्यावर असे. रोगी तिच्या दृष्टीने माझ्यासमोर बसलेला एक दंड होता. हे बदलले ते एका शिंपीणबाईंमुळे. त्यांचा पारा दर वेळी वर जाई आणि गोळ्या बदलूनही उतरत नसे. बाईंनी विचारले की त्या म्हणत, सगळे ठीक आहे. एकदा बाई हात धुवायला गेल्या असताना पट्टा सोडता सोडता पक्कडने विचारले, "काकू, मशीन किती वाजता बंद करता?" शिंपीणबाई रडायलाच लागल्या. मुलगा घर सोडून गेला होता आणि त्याची वाट पाहत त्या रात्रभर शिवत बसत. ते बाईंना सांगायचे त्यांना धाडस होत नव्हते, कारण बाई रागावतील. त्या दिवशी पक्कड माझा एक सैल स्क्रू आवळायला पेचकस घेऊन आली होती. तो तिच्या खिशातच राहिला. दुसऱ्या दिवशीही राहिला. माझा स्क्रू सैलच राहिला, पण मला त्याचे वाईट वाटले नाही.

दोन्ही प्रवेश परीक्षा तिने दिल्या. इंजिनीअरिंगला तिला चांगल्या कॉलेजात जागा मिळाली. मेडिकलच्या परीक्षेतही तिचे गुण उत्तम आले. बाईंनी त्या दिवशी बाकड्यावरच्या प्रत्येकाला ते सांगितले, ज्याने विचारले नाही त्यालाही.

चार दिवसांनी आत्या-भाची मेडिकल कॉलेजात कागदपत्रे तपासायला गेल्या. तिथे काय झाले ते मला नंतरच्या बोलण्यातून कळले. खिडकीतल्या बाईने गुणपत्रिका वरखाली पाहिली आणि विचारले, जीवशास्त्राच्या प्रॅक्टिकलचे गुण कुठे आहेत? प्रवेश परीक्षा पास होणे हा एक नियम होता. त्याच्या जोडीला दुसराही नियम होता. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र हे तिन्ही विषय कॉलेजात शिकलेले हवेत, प्रॅक्टिकलसह, आणि त्यांत उत्तीर्ण झालेले हवे. घरी शिकलेले जीवशास्त्र, ते कोणीही शिकवलेले असो, तिथे मोजले जात नव्हते. मार्ग एकच होता. वर्षभर कॉलेजात जाऊन जीवशास्त्र हा जादा विषय म्हणून घ्यायचा, प्रॅक्टिकल करायची, परीक्षा द्यायची, आणि मग मेडिकलची प्रवेश परीक्षा पुन्हा पहिल्यापासून. या वर्षीचे गुण पुढच्या वर्षी चालत नव्हते. आणि इंजिनीअरिंगच्या जागेला दोन दिवसांत होकार कळवायचा होता.

त्या संध्याकाळी दवाखान्याला आतून कडी लागली. भाऊ पहिल्यांदाच उंबरा ओलांडून आत आला आणि रोग्याच्या खुर्चीत बसला.

"आमच्या वेळी असं नव्हतं," बाई म्हणाल्या. "नियम बदलला असेल हे माझ्या ध्यानातच आलं नाही."

"बदललाच नसेल, आत्या," पक्कड म्हणाली. "तू जीवशास्त्र कॉलेजातच शिकलीस. तुला विचारायची वेळच आली नाही."

ती हे रागाने म्हणाली नव्हती. पण बाईंनी खाली पाहिले, आणि इतक्या वर्षांत त्यांचा चेहरा मी असा पाहिला नव्हता. मग त्या म्हणाल्या की इंजिनीअरिंगला होकार कळवून टाक. हातातली जागा सोडून पळत्याच्या पाठीमागे लागू नकोस. माझ्या चुकीपायी तुझे वर्ष जायला नको, असेही त्या म्हणाल्या. मी थक्क झालो. ज्या बाईंनी पोरीला आपल्या खुर्चीत बसवायचे स्वप्न पाहिले, त्याच तिला दुसऱ्या दाराकडे ढकलत होत्या.

"इंजिनीअरिंगमध्ये काही वाईट नाही, बाबा," पक्कड बापाकडे वळून म्हणाली. "दोन वर्षांपूर्वी ही जागा मिळाली असती तर मी नाचले असते. पण आत्यानं शिकवलं आणि सगळं बिघडलं. आता मला माणसंच हवीत."

भाऊ बराच वेळ माझ्या फुग्याशी चाळा करत बसला होता. तो फार शिकलेला नव्हता, आणि मुलीने इंजिनीअर व्हावे हे त्याने मनात केव्हाच पक्के केले होते. तो म्हणाला, "ताई, लेथवर जास्त कापलं गेलं तर तो तुकडा भंगारात जातो. कमी कापलं असेल तर पुन्हा चढवता येतो. हिचं कमी राहिलंय. जास्त गेलेलं नाही." मग मुलीला म्हणाला, "चढव पुन्हा. आणि आता पडलीस तर मी हसणार नाही."

पक्कडने इंजिनीअरिंगची जागा सोडली.

मला वाटले होते, आता ती रोज येईल. पण त्या वर्षी ती दवाखान्यात जवळजवळ आलीच नाही. कॉलेजात तिच्यापेक्षा लहान मुलांबरोबर ती प्रयोगशाळेत उभी राही. ती मुले तिला आजीबाई म्हणून चिडवत, हे मला भावाच्या उंबऱ्यावरच्या गप्पांतून कळले. एकदा मात्र ती पुस्तक घेऊन आली आणि आत्यासमोर पान उघडले. बाईंनी ते वाचले. उत्तर त्यांना पाठ होते. तरी त्यांनी पुस्तक मिटून परत दिले आणि म्हणाल्या, "तुझ्या कॉलेजातल्या बाईंना विचार. त्या म्हणतील तेच बरोबर."

पक्कड गेली तशी बाईंनी मला पुढे ओढले. कोणी रोगी नव्हता. त्यांनी नुसताच फुगा दाबला, पारा चढताना पाहिला आणि सोडून दिला. हौसेने शिकवणारे माणूसही एका चुकीनंतर शिकवायला धजत नाही. मित्रांनो, त्या खोलीत त्या दिवशी जितके ओझे होते तितके मी कोणाच्याही दंडात मोजलेले नाही.

पुढच्या वर्षी तिला प्रवेश मिळाला, पण फार लांबच्या कॉलेजात. निघायच्या सकाळी ती आली आणि न विचारता आत्याच्या दंडाला पट्टा बांधला. पारा वर गेला आणि उतरताना नको तितक्या उंचीवरच तिच्या कानात ठोके सुरू झाले. "जास्त आहे," ती म्हणाली. बाई म्हणाल्या, तू निघालीस म्हणून असेल. पक्कडने पट्टा सोडला नाही. ती शेजारच्या स्टुलावर बसली. दोघी काही बोलल्या नाहीत. बाहेर भाऊ सामान घेऊन उभा होता आणि त्याने घाई केली नाही. मग तिने पुन्हा माप घेतले. ते जरासे उतरले होते. तिने मला कलंडवले, खिटी लावली, झाकण मिटले आणि त्यावरून एकदा हात फिरवला.

मित्रांनो, माझ्यावर फिरलेला तो तिचा शेवटचा हात. पुढे बाईंचे गुडघे दुखू लागले आणि दवाखाना बंद झाला. पाऱ्याची यंत्रे वापरू नयेत असे ठरले. बाई आता स्वतःच्या दंडाला सेलवर चालणारे यंत्र लावतात, बटण दाबतात आणि आकडा फोनवर पक्कडला सांगतात. ती डॉक्टर झाली आहे. कपाटाच्या दारातून मला बाईंचे बोलणे ऐकू येते, तिचे येत नाही. बाई म्हणतात, हो, दोनदा मोजलं. हो, गप्प बसले होते. मग बराच वेळ त्या नुसत्या ऐकत राहतात. मला जे हवे होते ते तिला मिळाले. मला मात्र ती मिळाली नाही, आणि हे मी तक्रार म्हणून सांगत नाही.

लवकरच पारा गोळा करणारी माणसे मला न्यायला येणार आहेत. तुमच्या घरी माझ्यासारखे कोणी असेल तर त्याला कचऱ्यात फेकू नका. नीट बंद करून जाणत्या हातात द्या. आणि डॉक्टर व्हायचे की इंजिनीअर, या वळणावर उभे असाल तर ज्या दाराने आत जायचे आहे त्या दाराशीच जाऊन काय काय लागते ते विचारा, आणि तेही वेळेवर विचारा. तुमच्यावर माया करणाऱ्या माणसाला ते ठाऊक असेलच असे धरून चालू नका. आणि त्याचे चुकले, तरी त्याच्याकडून शिकणे थांबवू नका. त्याच्याकडे पुस्तक पुन्हा एकदा उघडा. त्याने मिटले तर आणखी एकदा उघडा.

मी अजून चालू आहे. पारा शून्यावर आहे. आज कोणी झाकण उघडून आपला दंड पुढे केला, तर मी खरे तेच सांगेन.