बाबांचा उजवा पाय

भिंगरीला एका जागी बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं, म्हणून तर तिचं खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं उरलं होतं. पण सध्या त्या घरात तिच्याही वरताण असं कुणीतरी आलं होतं. ती म्हणजे दारातली गाडी.

गाडी जुनी, कुणीतरी मनसोक्त वापरून विकलेली. धावायला लागली की गुणाची पोर. थांबली की मात्र तिला कापरं भरायचं. स्टिअरिंग थरथरायचं, आरशातला रस्ता नाचायचा, आणि मग एक उचकी देऊन इंजिन गप्प.

पण गप्प व्हायचं ते फक्त आईच्या हातात. बाबांनी अर्धं आयुष्य ट्रक चालवला होता आणि त्यांच्या हातात गाडी एकदाही बंद पडली नव्हती. त्यांनी त्यावर निकालच देऊन टाकला होता. "थरथरते ते गाडीचं. बंद पडते ते तुझं." वर हसून म्हणायचे, नाचता येईना, अंगण वाकडं. आईही हसायची, पण तिचं हसू डोळ्यांपर्यंत पोचायचं नाही.

आई दवाखान्यात नर्स होती. गावाबाहेरच्या वस्तीतल्या म्हाताऱ्या रुग्णांना घरी जाऊन मलमपट्टी करायचं काम निघालं होतं आणि तिला ते मनापासून हवं होतं. अट एकच, गाडी चालवता यायला हवी. नाहीतर होतीच खिडकीमागची खुर्ची आणि दिवसभर "पुढचा नंबर". लायसन्सच्या पहिल्या परीक्षेत पांढऱ्या रेषेवर गाडी थांबवायची होती. तिने थांबवली, अगदी नेमकी थांबवली, आणि इंजिन मेलं. पुन्हा चालू केलं, पुन्हा मेलं. परीक्षक नापास म्हणाला. घरी आल्यावर तिने शांतपणे सांगून टाकलं की येत्या गुरुवारी शेवटचं बसणार, तेव्हाही असंच झालं तर स्टिअरिंगला हात लावणार नाही.

आईचं ते शांत बोलणं भिंगरीला रडण्यापेक्षा वाईट वाटलं. तिला घास गोड लागेना. गाडीचं दुखणं आपणच शोधायचं, असं तिने ठरवलं आणि शाळेचा गणवेशही न बदलता मामाच्या गॅरेजात धडकली.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. त्याचं गॅरेज गल्लीच्या टोकाला, आणि त्याचा वेग असा की गोगलगायीनेही हॉर्न वाजवावा. त्याने दारातली गाडी गॅरेजात आणून चालू केली, थरथर पाहिली, चहा मागवला. दिवे आणि पंखा बंद होते; गाडी थरथरत राहिली पण बंद पडली नाही. मामा म्हणाला, कारणं बरीच असू शकतात, एकेक करून बघू.

एकेक करून बघणं भिंगरीच्या स्वभावातच नव्हतं. स्पार्क प्लगच खराब असणार, याची तिला खात्री होती. मामाचा चहा संपायच्या आत तिने जुने प्लग काढून नवे बसवले, हवेचा फिल्टर बदलला, दिसेल ती गोष्ट पुसून काढली आणि विजयी मुद्रेने चावी फिरवली. गाडी आधी थरथरत होती, आता उड्या मारायला लागली. शेजारच्या पत्र्यावरचं मांजर पळून गेलं.

मामाने कप खाली ठेवला आणि प्लगवरची एक टोपी अंगठ्याने दाबली. कट् आवाज झाला. उड्या थांबल्या, जुनी थरथर परत आली.

"एका दमात पाच औषधं दिलीस," तो म्हणाला, "आता पेशंट बरा झाला तरी कशानं, आणि मेला तरी कशानं, ते कळायचं कसं?"

भिंगरीचे कान लाल झाले. पण प्लगमुळे होत नाही एवढं तरी कळलं, असं म्हणून तिने स्वतःची समजूत घातली आणि घरी येऊन रात्रभर कूस बदलत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे बाबा दोघींना सोडायला निघाले. आई पुढे, भिंगरी मागे. सिग्नलला गाडी थांबली आणि भिंगरीच्या पेनाचं टोपण घरंगळत पुढच्या सीटखाली गेलं. ते काढायला ती वाकली, आणि तशीच वाकून राहिली.

सीटच्या फटीतून बाबांचा उजवा पाय दिसत होता. टाच ब्रेकवर. चवडा तिरका होऊन ॲक्सिलरेटरवर. आणि चवडा हलत होता. हळूच दाब, सोड. दाब, सोड. झोपेतल्या बाळाला थोपटावं तसं ते इंजिनला थोपटत होते आणि वर आईला दवाखान्यातल्या गर्दीबद्दल विचारत होते. पायाचा आणि तोंडाचा एकमेकांशी काही संबंधच नव्हता.

पुढच्या सिग्नलला भिंगरी मुद्दाम वाकली. तेच. शाळेत दिवसभर तिचं कशात लक्ष लागलं नाही. बाईंनी विचारलं एक, तिने उत्तर दिलं भलतंच.

संध्याकाळी तिने घरी हे सांगितलं तेव्हा बाबांनी कानांवर हात ठेवले. मी? उभ्या गाडीला रेस देतो? पेट्रोल काय नळाला येतं? आई कपड्यांची घडी घालता घालता थांबली. भिंगरी इरेला पेटली. आत्ताच्या आत्ता गाडीत बसा, नाहीतर मी जेवणार नाही, असं म्हणून तिने दोघांना बाहेर काढलं.

शाळेच्या भिंतीमागचा रस्ता रिकामा होता. बाबांनी गाडी थांबवली. भिंगरीने शेजारच्या सीटवरून फर्मान सोडलं: गिअर काढा, हँडब्रेक ओढा, इंजिनावर रोजच्यासारखा भार पडायला दिवे आणि पंखा लावा, आणि मांडी घालून बसा.

"मांडी?"

"तुमच्या पायांवर माझा विश्वास नाही, बाबा."

कुरकुरत बाबांनी मांडी घातली. गुडघे स्टिअरिंगला अडले, पोट आत घ्यावं लागलं. मागच्या सीटवर आईने ओठ घट्ट मिटले. गाडी थरथरली, आणखी थरथरली, एक उचकी दिली आणि मेली.

बाबांनी चावी फिरवली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा इंजिन आचके देऊ लागलं तसा त्यांचा उजवा पाय मांडी सोडून आपोआप खाली निघाला. भिंगरीने तो दोन्ही हातांनी धरून ठेवला. बाबा आपल्या पायाकडे असे बघत होते, जसा काही तो शेजाऱ्यांचा पाय होता. इंजिन बंद पडलं.

"म्हणजे ते मी नव्हतेच," मागून आई म्हणाली.

बाबांनी मांडी मोडून पाय खाली सोडले. मग पुटपुटले की जुना ट्रक थांबला की झोपायचा, त्याला जागं ठेवायची सवय. सवय लागली ते आठवतं, राहिली ते आज कळलं.

"अहो, मी तुम्हाला किती वेळा म्हटलं होतं, की मी काही चुकत नाहीये."

"म्हटलं होतंस."

एवढंच. पण गाडी मामाच्या दारात नेऊन त्याला जेवणावरून उठवलं ते बाबांनीच. उद्या परीक्षा, असं सांगताना त्यांचा आवाज जरा वेगळा होता.

मामा म्हणाला, धावताना बरी, थांबली की आजारी, म्हणजे ही कुठून तरी चोरून हवा ओढतेय. धावताना इंजिन ढीगभर हवा गिळतं, त्यात चिमूटभर चोरी कळत नाही. थांबलं की मात्र तीच चिमूट जड होते. चोर शोधायचा तर हवेच्या नळ्यांवर पाणी मारायचं. जिथे पाणी पडल्यावर आवाज बदलेल, तिथे फट.

आईने घरून गणवेशाला इस्त्री करताना वापरायची फवाऱ्याची बाटली आणली आणि भिंगरीच्या हातात दिली. भिंगरीचे हात शिवशिवत होते, सगळं एकदम भिजवून टाकावंसं वाटत होतं. पण या वेळी तिने दात आवळले. एक नळी, एक फवारा, थांबा, ऐका. दुसरी नळी. थांबा. बाबा बॅटरीचा उजेड धरून उभे, आई बॉनेटवर वाकलेली, सगळे श्वास रोखून. इंजिनाच्या पाठीमागे, जिथे एक जाड रबरी नळी वळण घेऊन खाली जात होती, तिथे फवारा गेला आणि क्षणभर थरथर थांबली. आवाज गुळगुळीत झाला. मग पुन्हा कापरं.

मामाने बोट घातलं. जुन्या मालकाने नळीच्या पोटाला काळी पट्टी गुंडाळली होती, वरून दिसूही नये अशी. पट्टी सुटली होती आणि आत नळी चिरली होती. नवी नळी बसवायला मामाला त्याच्या हिशेबाने विक्रमी कमी वेळ लागला.

गुरुवारी परीक्षेच्या मैदानाच्या जाळीला भिंगरी पालीसारखी चिकटली होती. शेजारी बाबा. आईची गाडी वळणं घेऊन आली आणि पांढऱ्या रेषेवर थांबली. काहीच ऐकू येईना. आरसा हलत नव्हता, बॉनेट हलत नव्हतं. आईचा हात सावकाश चावीकडे गेला, आणि भिंगरीच्या लक्षात आलं. गाडी इतकी गप्प होती की आईला ती बंदच पडल्यासारखी वाटत होती! चालू इंजिनाला चावी फिरवली तर असा खर्रकन आवाज होणार, की परीक्षक पुन्हा तोच निकाल सांगणार. ओरडावं तर इतक्या लांब ऐकू जाणार नाही.

हात चावीजवळ थांबला. मग आईने तळहात गिअरच्या दांड्यावर ठेवला, नाडी बघतात तसा, अगदी हलका. रोजचंच काम ते तिचं. क्षणभर तशीच राहिली, आणि गाडी अलगद रेषेवरून पुढे निघाली.

भिंगरीने सुटकेचा श्वास सोडला आणि खाली बघितलं. शेजारी बाबांचा उजवा पाय मातीत दाबत होता, सोडत होता.

आई पास झाल्याचा कागद घेऊन गाडी फाटकाबाहेर घेऊन आली. बाबा सवयीने स्टिअरिंगच्या बाजूचं पुढचं दार उघडायला गेले. आईने काच खाली केली.

"तुम्ही मागे बसा," ती म्हणाली. "पोरीला पुढे येऊ दे."