वेळेवर येण्याचे गुण

त्या दुष्काळी वर्षी तलवाड्याकडच्या एका शाळेत चौथीच्या मुलांचं वेळेचं नियोजन तपासायचं ठरलं. मूल वेळेवर येतं का, काम वेळेत संपवतं का, आधी काय करायचं ते स्वतः ठरवतं का, हे पाहून गुण द्यायचे होते. वर्गशिक्षिका सत्यभामाबाई घरी पहाटेपासून पाण्याच्या मागे असत आणि शाळेत दमूनच पोचत. तरी त्यांनी हे काम मनापासून सुरू केलं.

रुक्मिणी रोज उशिरा यायची. आई-बाप ऊसतोडीला गेलेले. गावातल्या सहकारी संस्थेनं चारा छावणी उघडली होती, तिथं घरच्या गायींजवळ ती आजोबांबरोबर, हरिबांबरोबर राहायची; रात्री गुरांच्या गलक्यात झोप धड व्हायची नाही. बाईंनी कारण विचारलं तेव्हा ती खाली मान घालून म्हणाली, “चारा वाटल्याबिगर येता येत न्हाई, बाई. आबाला वझं उचलत न्हाई.”

शनिवारी शाळा सुटल्यावर बाई उन्हातून छावणीवर गेल्या. हरिबांना आधी चारा द्या, असं त्यांनी संस्थेच्या माणसाला विनवलं. तो चिडला नाही. सगळेच तसं म्हणतात आणि नंबर मोडला की भांडणं होतात, एवढंच त्यानं सांगितलं. बाई परत निघाल्या, तशा शेजारच्या दावणीवरच्या कडूबाई उठून आल्या.

“म्हाताऱ्याचा चारा मी आणीन. पोरीला येऊ द्या शाळंत.”

सोमवारी रुक्मिणी प्रार्थनेआधीच हजर होती. बाईंना बरं वाटलं. त्यांनी मुलांना गणितं, वाचन आणि चित्र अशी तीन कामं दिली. आधी कोणतं करायचं ते ज्यानं त्यानं ठरवायचं होतं. रुक्मिणीनं पहिलं गणित मांडलं आणि वहीवर डोकं टेकून ती झोपली. शेजारची मुलगी तिला हलवायला लागली. बाईंनी खुणेनंच नको म्हटलं.

खिचडीच्या वेळी तिला जाग आली.

“बाई, माझं समदं ऱ्हायलं.”

“वेळेवर आलीस, त्याचे पूर्ण गुण दिलेत.”

“आन् बाकीचे?”

बाकीचे मिळाले नव्हते. बाईंनी तसंच सांगितलं. समजूत घालायचंही त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं. रुक्मिणीनं मान हलवली आणि ताट घेऊन ती बाहेर गेली.

दुसऱ्या दिवशीही ती वेळेवर आली. बाईंनी मागच्या भिंतीशी सतरंजी टाकली आणि त्या तिला म्हणाल्या, “नीज थोडं. मग बघू.”