फाटक दिसू नये असा रंग

“फाटक दिसू नये असा रंग कोणता?” वहिनींनी विचारलं, तेव्हा रंगाच्या दुकानातला माणूस हातातला चहाचा कप तसाच धरून त्यांच्याकडे बघत राहिला. बिचाऱ्याने आजवर फाटकं उठून दिसावीत म्हणून रंग विकले होते. त्याने पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतली आणि शेडकार्ड पुढे सरकवलं. वहिनींनी ते उघडलं. चौकोनच चौकोन, प्रत्येकाखाली एक नाव. एकही रंग आवडेना आणि एकही नावडेना. त्यांनी कार्ड मिटलं आणि म्हणाल्या, “तुम्हीच सांगा.”

हे ‘तुम्हीच सांगा’ वहिनी अलीकडे ज्याला त्याला म्हणत होत्या. आणि लोकांचं काय जातंय? सल्ला द्यायला तोंड तेवढं लागतं, ते प्रत्येकाकडे असतंच.

त्यांना ठरवण्याची सवय नव्हती, हे मात्र खरं. यजमान बांधकामावर सुपरवायझर होते. भिंत सरळ उभी आहे की नाही हे बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतात ना, तो ओळंबा कायम यांच्या खिशात. कुणाकडे जेवायला गेले तरी आधी एक डोळा बारीक करून भिंतीकडे बघणार आणि “हा कोपरा बाहेर गेलाय हो” असं सांगून घरमालकाचा घास कडू करणार. गल्लीतले लोक तोंडावर त्यांना साहेब म्हणत आणि पाठीमागे ओळंबा. आपण ओळंबासाहेब म्हणू, म्हणजे दोन्हीकडचा मान राहील.

असा माणूस स्वतःचं घर बांधतो तेव्हा बायकोला कशाला विचारतोय? पडद्यापासून नळाच्या तोटीपर्यंत सगळं त्यांनी ठरवलं. दारापासून फाटकापर्यंतची फरशीची वाट त्यांनी स्वतः दोरी धरून घातली, अशी सरळ की दारात उभं राहिलं तर फाटकाची कडी नाकासमोर यावी. वहिनींना सुरुवातीला राग यायचा. एकदा तर त्या पडद्यांवरून दिवसभर बोलल्या नव्हत्या आणि ओळंबासाहेबांच्या ते लक्षातही आलं नव्हतं. पुढे राग यायचाही थांबला.

आता ओळंबासाहेब सगळं विसरत चालले होते. दिवस कलला की उठायचे, बूट घालायचे आणि म्हणायचे, “चला, घरी जायला हवं.”

“अहो, हेच आपलं घर.”

“हो का?” असं म्हणून मान डोलवायचे आणि थेट फाटकाकडे चालू लागायचे. कुलूप लावून पाहिलं, तर गजांना धरून हलवत बसले, बोटं सोलून निघाली आणि अख्खी गल्ली गोळा झाली. कुलूप काढलं तर निघून गेले. पहिल्यांदा कोपऱ्यावरच्या न्हाव्याने परत आणून सोडलं. दुसऱ्यांदा मोठ्या रस्त्याच्या मधोमध उभे होते. एका ट्रकवाल्याने गाडी थांबवली, त्यांना शेजारी बसवलं आणि विचारत विचारत घरी आणलं. भला माणूस, पाणीसुद्धा न पिता गेला.

परगावच्या मुलाला कळलं तसा त्याचा फोन आला. “आई, आता बास. परत रस्त्यावर गेले तर मी येऊन त्यांना संस्थेत ठेवणार. मी बोलून ठेवलंय.” मुलाला नावं ठेवू नका. लांबच्या माणसाला भीती जास्त वाटते, आणि त्याचं चुकत होतं असंही नाही. वहिनी “बरं” म्हणाल्या आणि फोन ठेवला. खरं तर रडू यायला हवं होतं. हात उशाखाली घेऊन झोपल्यावर तो बधिर होतो, चिमटा काढला तरी दुसऱ्याचाच वाटतो, तसं त्यांचं मन झालं होतं. फक्त एक गोष्ट त्यांना पक्की ठाऊक होती. या माणसाला परक्या खोलीत, परक्या भिंतींमध्ये झोपू द्यायचं नाही. एवढा तोडून बोलणारा नवरा, त्याच्यासाठी एवढं का, असं कुणी विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं.

युक्ती डॉक्टरीणबाईंनी सुचवली. “फाटक भिंतीसारखंच दिसू दे. दिसलं नाही की जायची आठवण होणार नाही. घरात मात्र फार बदल करू नका.” वहिनींनी दोन्ही वाक्यांना मान हलवली.

मग रंगारी आला. त्याने कुंपणाच्या भिंतीवर नख घासून बघितलं. “वहिनी, हा पिवळा उन्हाने कधीच मेलाय. याच्याशी मिळता रंग मी काय, माझा बापही काढू शकणार नाही. फाटकाच्या गजांवर पत्रा मारा आणि भिंत, फाटक दोन्ही नव्याने रंगवा. राखाडी द्या, त्यात सगळं बुडून जातं.”

“तुम्ही म्हणता तर राखाडी,” वहिनी म्हणाल्या.

तेवढ्यात नणंद येऊन थडकली. ओळंबासाहेबांची धाकटी बहीण, मनाने चांगली, पण जिभेला हाड म्हणून नाही. “अगं वहिनी, बाहेरून नवं आणि आत हे असं? नवा कोट आणि आत फाटकं बनियन!”

“डॉक्टर म्हणाल्यात, बदल नको.”

“रंग म्हणजे काय बदल झाला? भिंती तिथेच राहणार आहेत ना? आणि हे जुनं धूड हलव बाई खिडकीजवळून. दादा अडखळून पडेल एखाद्या दिवशी.” जुनं धूड म्हणजे ओळंबासाहेबांची आरामखुर्ची. ती माळ्यावर गेली, पडदे उतरले, आतल्या खोल्याही राखाडी झाल्या. वहिनींना वाटलं, यांची ती सख्खी बहीण, तिला कळत असेल. आपल्याला काय कळतंय?

बागेसाठी नर्सरीवाला आला. त्याने दारात उभं राहून फाटकाकडे बघितलं आणि चुकचुकला. “ही वाट काढा आधी. ही तर हाताला धरून बाहेर नेते. गोल वाट करू. माणूस चालत राहतो, बाग बघतो आणि फिरून आपल्या दाराशी येतो. फाटकापुढे उंच कुंड्या ठेवतो. गुलाब नको, काटे लागतील.” वहिनी म्हणाल्या, चालेल. गुलाब गेले, फरशी उखडली, आणि ती इतकी घट्ट बसवलेली होती की मजुरांनी बसवणाऱ्याच्या नावाने भरपूर शिव्या घातल्या. बसवणारा बाजूला उभा राहून, मान डोलवत ऐकत होता.

काम चालू असताना ओळंबासाहेब मजेत होते. रंगाऱ्याच्या मागे उभे राहायचे. “वर पट्टा राहिलाय,” ते एकदा म्हणाले, आणि खरंच राहिला होता.

“साहेब, तुमची नजर अजून तीच आहे की!” रंगारी हसला. वहिनींनाही हसावंसं वाटलं, पण हसू ओठांपर्यंत येता येताच विरलं.

आणि उपाय लागू पडला, बरं का. बूट घालून ते बागेत जायचे, गोल फिरायचे, भिंतीवरून नजर फिरवायचे आणि दाराशी यायचे. फाटक त्यांना दिसतच नव्हतं. आत आले की गप्प बसायचे, पण गजांशी झटापट नाही, आरडाओरडा नाही. मुलाला सांगितलं तर फोनवर त्याचा आवाज एकदम मोकळा झाला. “आई, कमाल केलीस!” नणंद चार घरी सांगत सुटली की हे सगळं आपल्या सल्ल्याने झालं. वहिनींना बऱ्याच काळाने सलग झोप लागली. जाग आली तेव्हा समोर राखाडी भिंत होती, आणि आपण कुठे आहोत हे त्यांनाही क्षणभर कळेना. मग त्या उठल्या आणि चहाचं आधण ठेवलं.

एका दुपारी दारावर टकटक झाली. वहिनींनी दार उघडलं. समोर ओळंबासाहेब. बूट घातलेले, केस हाताने नीट बसवलेले. ते दोन पावलं मागे सरले, अनोळखी बाई समोर आली की भला माणूस सरतो तसे.

“माफ करा हं. झोपमोड तर नाही ना केली?”

“नाही,” वहिनी म्हणाल्या. “या ना आत.”

ते आले. पायपुसण्यावर बूट नीट पुसले. एरवी घरात येताना कधी पुसले नव्हते. भिंतीकडे एक डोळा बारीक करून बघितलं. “काम स्वच्छ केलंय. घर कुणाचं?”

वहिनींनी ‘आपलं’ म्हणायला तोंड उघडलं. “माझं,” असं त्यांच्या तोंडून गेलं.

“छान आहे. मी या लायनीतलाच, म्हणून रस्त्यावरून जाताना राहवलं नाही. एक सल्ला हवा होता.” ते जरा अवघडले. ओळंबासाहेब आणि अवघडलेले! “आमच्या घराला रंग काढायचाय. बागही करायचीय थोडी. आजवर सगळं मीच ठरवत आलो. ही काही बोलत नाही. मला वाटायचं, पसंत असेल. परवा लक्षात आलं, मी तिला कधी विचारलंच नाही. आता एकदम विचारायचं म्हणजे... तुम्ही बाईमाणूस, तुम्ही सांगा. बायकांना कोणता रंग आवडतो?”

वहिनी उभ्याच होत्या. किती वर्षं हा प्रश्न त्यांनी मनात घोळवला होता, त्याची उत्तरं तयार करून ठेवली होती आणि मग एकेक करून टाकून दिली होती. आता शोधायला गेल्या तर आत काहीच सापडेना. ओळंबासाहेब वाट बघत होते. पूर्वी कधी थांबले नव्हते, आज थांबले.

“निळा,” वहिनी शेवटी म्हणाल्या. “अगदी फिकट. आणि बागेत गुलाब.”

“निळा?” ओळंबासाहेबांची भुवई वर गेली. “ओल आली की निळा टिकत नाही हो. डाग पडतात.” मग त्यांनी मान खाली घालून विचार केला. “पण तिला आवडत असेल तर देऊ. टिको न टिको. परत काढू.”

या माणसाला वहिनींनी घरात ठेवलं होतं. कुणी त्याला संस्थेत नेणार नव्हतं. आणि तो त्यांच्यासमोर पाहुण्यासारखा उभा होता, बायकोसाठी रंग विचारत. आपणच त्याचं घर त्याच्या भोवतालून पुसून टाकलं, हे त्यांना कळलं. सगळ्यांचं ऐकून, शहाण्यासारखं, रंगाच्या कोटावर कोट देऊन.

“आभारी आहे,” ओळंबासाहेब म्हणाले. “निघतो आता. ते... फाटक कुठल्या बाजूला आहे? मघापासून फिरतोय, सापडत नाही.”

फाटक समोरच होतं, कुंड्यांच्या मागे. कडी नुसती उचलली की उघडलं असतं.

“रंग ओला आहे अजून,” वहिनी धडधडीत खोटं बोलल्या. “हात खराब होतील तुमचे. वाळेपर्यंत बसा.”

रंग ओला म्हटल्यावर त्यांना पटलं. ते खुर्चीच्या कडेवर बसले, टेकले नाहीत. “बसतो. पण फार वेळ नको हं. ही घरी एकटी असते.”

“हो,” वहिनी म्हणाल्या. “एकटी असते.”