रुपीच्या पाटीवरचं न पुसलेलं उत्तर

मित्रांनो, मी एक जुनी दगडी पाटी आहे, आणि आधीच सांगून ठेवते, मी रागावलेली आहे. पाट्या रागावत नाहीत असं तुम्हांला वाटत असेल. का नाही रागावणार? दिवसातून वीस वेळा तुमचं तोंड कुणी ओल्या फडक्याने पुसलं, तर तुम्ही गप्प बसाल का?

माझा जन्म कुठल्याशा दूरच्या खाणीतला. मला तासलं, घासलं, लाकडी चौकटीत बसवलं आणि चारी कोपऱ्यांना पत्रा ठोकला. मग आगगाडी, मग बैलगाडी, आणि घाट चढून जव्हारचा बाजार. तिथे मिरच्यांच्या पोत्याला टेकून मी तीन आठवडे उभी होते. शेवटी डोंगरातल्या वांगणी पाड्याच्या देवजीने मला उचललं, मडकं घेताना वाजवतात तशी टिचकी मारून पाहिली आणि आपल्या मुलीच्या हातात दिलं. मुलगी म्हणजे रुपी. तिने मला नाकाशी धरून हुंगलं. तेव्हापासून मी तिची.

रुपी जव्हारात एका नातेवाइकाकडे राहून शाळेत जायची. वर्गात मुली तीनच, आणि डोंगरातली ही एकटी. माझ्यावर तिने आधी मुळाक्षरं गिरवली, मग बाराखड्या, मग इंग्रजी. काय दिवस होते ते! मास्तर मला वर धरून सगळ्या वर्गाला दाखवायचे. "बघा रे, डोंगरातली पोर, आणि अक्षर बघा!" मी चौकटीत मावत नसे.

मग राज्यकारभाराचे शब्द आले. त्या वर्षी दिपोटीसाहेब, म्हणजे शाळा तपासणारे साहेब, इंग्रजी वर्गाची परीक्षा घ्यायला येणार होते. मास्तरांनी फळ्यावर दहा शब्द लिहिले. किंग, सब्जेक्ट, मॉनर्की, पार्लमेंट, टायरंट, डेमोक्रसी, असेच आणखी. प्रत्येकाचा अर्थ सांगायचा आणि स्वतःचं एक उदाहरण द्यायचं.

देवजीने रुपीला बजावलं होतं, "आयक पोरी, या खेपेला पास नाय झाली तं परत नेईन. लावणीला हात कमी हायत."

जव्हारच्या मुलांना एकच डोंगर चढायचा होता, इंग्रजीचा. रुपीला दोन, इंग्रजीचा आणि पुस्तकी मराठीचा. डेमोक्रसी म्हणजे 'लोकसत्ताक राज्यपद्धती' असं मास्तर सांगत. पण 'लोकसत्ताक' हा शब्द तरी वांगणीत कुणाच्या तोंडी होता? मग ती शाळेमागच्या पायरीवर मला मांडीवर घेऊन बसायची आणि प्रत्येक शब्दाला पाड्यातलं कुणीतरी ओळखीचं शोधायची. मॉनर्की सोपा गेला, जव्हारच्या राजाचा वाडा रोज दिसायचाच. टायरंटला तिने शेजारचा कोंबडा दिला, जो दुसऱ्या कुणाला दाणा टिपू देत नसे. मला हसू आवरेना.

डेमोक्रसीपाशी मात्र ती दोन दिवस अडली. तिसऱ्या दिवशी पेन्सिल अशी काही पळाली की विचारू नका. तिने लिहिलं:

"आमच्या पाड्यात नवा भात कोणी एकट्याने आधी खात नाही. ज्यांनी रोप लावलं, ते सगळे बाया-बाप्ये आंब्याखाली बसतात. ज्याची कबुली आहे त्याने पळसाचं एक पान मध्ये ठेवायचं. एक पान जरी कमी असलं तरी नवं शिजत नाही. गेल्या साली बुधीचं शेत पिकलं नव्हतं. तिने पान ठेवलं नाही. सगळा पाडा आठ दिवस थांबला, तिने पान ठेवीपर्यंत. ही डेमोक्रसी."

मास्तरांनी वाचलं आणि कपाळाला हात लावला. "रुपे, अगं डेमोक्रसी म्हणजे जिकडे जास्त डोकी तिकडे निकाल. आणि ती विलायतेत असते. वांगणीत नव्हे!"

वर्ग खो खो हसला.

"मंग ज्याचं एकच डोकं, त्याचं काय व्हतं, मास्तर?"

"काय व्हायचंय? गप्प बसतं."

आणि फिरलं फडकं! रुपीने पुन्हा लिहिलं. पुन्हा फडकं. या वेळी मास्तर हळू आवाजात म्हणाले, "पोरी, राजाच्या राज्यात हे शब्द पाठ करायचे असतात, वापरायचे नसतात. साहेबांनी वाचलं तर माझी नोकरी जाईल." त्यांच्या बोटांना घाम होता, तो मला लागला. ते घाबरले होते, हे मला कळलं. पण म्हणून काय झालं? घाबरलेल्या माणसाचं फडकंही तितकंच साफ पुसतं.

सुट्टीत रुपीने माझ्या कोपऱ्यातला सैल खिळा उपटला, मला पालथी घातली आणि पाठीवर तेच उत्तर कोरायला घेतलं. दुखलं हो! मी हूं की चूं केलं नाही, असं सांगायला आवडलं असतं, पण खोटं कशाला बोलू? मी अशी किंचाळले की आवारातले कावळे उडाले.

दुसऱ्या दिवशी दिपोटीसाहेब आले. माझ्या पुढच्या बाजूला मास्तरांनी मंजूर केलेला अर्थ होता. साहेब म्हणाले, "ठीक. उदाहरण?" रुपीने मला फिरवलं.

मास्तर फडकं घेऊन धावले. पुसलं. गेलं नाही. पाणी शिंपडलं. गेलं नाही. धोतराच्या सोग्याने घासलं. गेलं नाही! मित्रांनो, माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा क्षण विचाराल, तर तो.

साहेबांनी सावकाश वाचलं. "आणि त्या बाईने पान ठेवलंच नसतं तर?"

"तं आमी भुके राहिलो अस्तो, साहेब. पण सगलेच."

साहेब हसले. मला केवढी आशा वाटली! मग त्यांनी दौत उघडली आणि निकालाच्या वहीत लिहिलं: उत्तर चूक. नापास. पुढील वर्षी पुन्हा बसावे.

देवजी बोलल्याप्रमाणे वागला. "का" एवढंही त्याने विचारलं नाही. रुपी चिखलात उतरून रोपं लावू लागली, आणि मी नागलीच्या कणगीवर झाकण झाले. दहा इंग्रजी शब्द येणारी पाटी, आणि काम काय, तर उंदीर अडवणं! शेजारच्या जात्यावरच्या पिठाची धूळ बसून बसून माझे शब्द बुजले. तरी माझा राग बुजला नाही.

भात पिकला. पाडा आंब्याखाली जमला. जमीन ओली, म्हणून पानं ठेवायला रुपीने मला आणलं आणि मुद्दाम पाठ वर करून ठेवलं. या खेपेला पहिलं पान बुधीचं पडलं. मग एकेक करत सगळ्यांचं. देवजीने पानं मोजली.

"एक कमी हाय. कोणाचं ऱ्हायलं?"

"माझं," रुपी म्हणाली. मूठ घट्ट मिटलेली. "मी पन रोप लावलं. मना साळेत धाडशील तवा ठेवीन."

"पोरखेल हाय काय ह्यो?" देवजी ओरडला. बायका कुजबुजल्या. कुणीतरी म्हणालं, "मास्तरीन झाली बघा!"

बुधी काठी टेकत आली आणि रुपीच्या शेजारी फतकल मारून बसली. "माझ्यासाठी आठ दिस थांबलाव. हिचं पान काय बारीक हाय?"

त्या दिवशी नवं शिजलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. पाडा नागलीची आंबील पीत राहिला आणि देवजीकडे बघत राहिला.

चौथ्या सकाळी देवजी माझ्यापुढे येऊन बसला. त्याने बोटाने माझ्या पाठीवरचं पीठ झाडलं.

"काय खरडलंस यावर?"

रुपीने वाचून दाखवलं. बुधीचं शेत, पळसाचं पान, आठ दिवस, सगळं.

"हा लिवलं म्हून नापास केला तुला?"

"चूक हाय म्हनले."

"चूक?" देवजी ताडकन उठला. "चूक कसा? मी सोता बसलो व्हतो ना हितं!"

आता मात्र माझ्याइतकंच आणखी कुणीतरी रागावलं होतं. "ठेव पान," तो म्हणाला. "उद्याच जाऊ. मी सांगतो तुझ्या मास्तरला, आठ दिस कोन थांबला व्हता ता."

रुपीने मूठ उघडली. पान पार चुरगळलं होतं, पण पान होतं.

मित्रांनो, मी पुन्हा जव्हारात आले आहे. माझी पुढची बाजू अजून रोज पुसतात. शुद्धलेखन पुसा, हिशेब पुसा, माझी ना नाही. माझी चौकट सांभाळा, मला कणगीवर घालू नका. आणि दुसऱ्याच्या पाटीवर फडकं ठेवण्याआधी एकदा वाचा. वाचल्यावर राग आलाच, तर खुशाल या माझ्याकडे. तुमच्याहून जास्त राग माझ्याकडे आहे, आणि तो कोरलेला आहे.